भट्टीवरचा सदरा

यमीच्या वडलांस, विट्याहून.

सोन्याच्या कायद्यानं मद्रासची सोनं गाळायची दुकानं बंद झाली. समदी माणसं घरला आली. तुमी आला न्हाईत. तुमचं गठुडं तेवढं तुमच्यासंगं कामाला असलेल्या कोंडीबानं आणून दिलं.

त्याला वरीस झालं. म्हणून आज गठुड्यातला आरसा, वस्तरा वाटून टाकला. छत्री शेजारच्या आक्काताईला दिली. भट्टीवरचा सदरा मातूर कुणाला देत न्हाईत. त्यात सोन्याची कणी असती, म्हणून तो जाळून राख धुत्यात. मीबी धुतली. सोनं निघालं न्हाई. हिरव्या काचेचा तुकडा निघाला. लग्नाच्या वर्सी तुमी निघताना माझी बांगडी फुटली हुती. त्यातला एक तुकडा कवाच गावला नव्हता.

तुमचा पत्ता कोंडीबालाबी ठावा न्हाई, तवा हे पत्र फळीवरच ठेवते. आक्काताईकडं जाऊन छत्री परत मागते.

यमीची आई,
हरणा