लुआऊमधली एकसष्टी

१४ मे, सांबरा

उद्या अमेरिका. लेकीनं, आरोहीनं, तिकिटं पाठवलीत. मंगल सकाळपासून बॅगा भरत आहे आणि मी खुर्चीवरून मार्गदर्शन करतो आहे. तिची बॅग माझ्या दुप्पट झाली. म्हटलं, अगं महिन्यासाठी चाललोय, स्वेटर कशाला घेतीस? म्हणाली, असू दे की, लागंल. बायकांना प्रवासाचा अंदाज नसतो.

विमानाची मला धास्ती नाही. बेळगावचा एअरपोर्ट आमच्या गावालगत. आयुष्यभर विमानं आमच्या कौलांवरून गेली, म्हणजे अर्धा अनुभव घरबसल्या झालेलाच आहे. ठरवलंय: विमानात झोपायचं नाही, सगळं बघायचं. आणि सगळीकडं इंग्रजीच बोलायचं.

१७ मे, सॅन होजे

विमानात झोप लागली. सीटचा दोष.

इमिग्रेशनच्या साहेबानं विचारलं, किती दिवस राहणार. मी ‘वन मंथ’ असं स्पष्ट सांगितलं. मंगल मागून ‘सिक्स’ म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. मी साहेबाकडं बघून हसलो. साहेब माझ्याकडं बघून हसला नाही, पण शिक्के मारले. कॉलेजच्या ऑफिसात सुपरिंटेंडेंट म्हणून जन्म काढलाय मी. साहेब लोकांना कसं हाताळायचं ते कळतं.

जावई मंथन न्यायला आला होता. खानापूरचा पोरगा. स्थळ मीच काढलं होतं, एका बैठकीत ठरवून घरी आलो होतो. किती योग्य निर्णय होता ते त्याची गाडी बघून पुन्हा पटलं.

२२ मे

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की आरोही आणि मंगल गप्प होतात. काल आरोही हळू आवाजात म्हणत होती, “आप्पांना आत्ताच सांगू नको. हवाईला गेल्यावर सांगू. तिथं मूड चांगला असंल.”

मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

जेवताना मंथननं सांगितलं की एक जूनला हवाईमध्ये लुआऊचं बुकिंग केलंय. लुआऊ म्हणजे तिथली पारंपरिक मेजवानी. पूर्वी घरात मोठी गोष्ट घडली की सगळ्या लोकांना बोलवून घालायची. नाचगाणी, जेवण, समुद्रकाठ.

एक जून! माझी एकसष्टी!

पोरांनी समुद्र ओलांडून माझ्यासाठी मांडव घातला म्हणायचा. डोळे भरून आले. कांद्याचं निमित्त सांगितलं. मंगल म्हणाली, आज कांदा कुठं चिरलाय?

२३ मे

मंगलची चाचपणी केली. सहज विचारल्यासारखं म्हटलं, एक जूनला काय विशेष गं? ती म्हणाली, “सोमवार हाय.” काय अभिनय! इतकी वर्षं संसार केला, पण बाई एवढी तयारीची आहे हे माहीत नव्हतं.

हिचं म्हणणं पहिल्यापासून असं, की एक जून हा माझा खरा वाढदिवस नव्हेच. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली तारीख. खरा जन्म भाताच्या मळणीतला, असं माझी आई तिला म्हणाली होती. असेल. पण सरकारनं एक जून मानला, पेन्शन त्यावर चालू आहे. बायकोनं मानायला काय हरकत आहे?

२६ मे

सत्काराला उत्तर द्यावं लागणार. भाषण तयार केलं. सुरुवात इंग्रजीत, मधे मराठी, शेवट पुन्हा इंग्रजीत. डोळ्यांत पाणी आणण्याची जागा ठरवली. बाथरूममध्ये तालीम घेतली. मंथननं बाहेरून विचारलं, मामा, बरं वाटत नाही काय?

आजपासून भात बंद. फोटोत पोट दिसू नये.

२७ मे

भात खाल्ला. आरोहीनं केला होता, मन मोडवेना.

ती बारीक झालीय आणि सारखी झोपलेली असते. अमेरिकेत पोरी काम टाळायला शिकतात. बोललो नाही.

३० मे, होनोलुलू

आलो. समुद्र गोव्यासारखाच, फक्त जास्त निळा. डोंगर पावसाळ्यातल्या खानापूरच्या बाजूसारखे हिरवे. मंगल वाळूवर अनवाणी चालत सुटली, बोलावलं तरी वळून बघेना. वाऱ्यामुळं ऐकू गेलं नसेल.

लुआऊत अख्खं डुक्कर जमिनीत खड्डा काढून तापल्या दगडांवर, केळीच्या पानांखाली भाजतात, अशी माहिती मंथननं दिली. मी जाहीर केलं की डुकराला मी हात लावणार नाही. आमच्यात जत्रेचं मटण चालतं, हे नाही. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या तत्त्वांचा घरात आदर आहे.

१ जून, सकाळी

कुणीही शुभेच्छा दिल्या नाहीत. सगळं संध्याकाळसाठी राखून ठेवलंय.

मंगलनं इस्त्री केलेला शर्ट न विचारता काढून दिला. ही पण एक खूणच. भाषण खिशात.

२ जून, सकाळी, समुद्रकाठच्या बाकावर

काल लिहिलं नाही. लिहायची इच्छा नव्हती. आजही नाही. पण कुठंतरी सांगायला पाहिजे आणि बोलायला कुणी उरलेलं नाही.

दारातच एका बाईनं माझ्या गळ्यात काळ्या बियांची माळ घातली. मी हात जोडून “लेडीज अँड जेंटलमेन” म्हणेपर्यंत ती मागच्या माणसाकडं गेली होती. आलेल्या प्रत्येकाला माळ होती. सगळ्यांचाच सत्कार.

खड्डा उघडायची वेळ झाली तसा मी पुढं झालो. म्हटलं, उद्घाटन माझ्या हातून असेल. एका धिप्पाड माणसानं अलगद माझ्या दंडाला धरून दोरीमागं उभं केलं. वाईट वागला नाही. पण दोरीमागं.

मग माइकवाल्यानं विचारलं, आज कुणाचा वाढदिवस आहे? आता आलं म्हणून मी आरोहीकडं बघितलं. ती पाणी पीत होती. मी स्वतःच उभा राहिलो. आणखी सहा-सात जण उभे राहिले, त्यात एक कडेवरचं बाळ. सगळ्यांसाठी मिळून एकच गाणं झालं आणि बसा म्हणाले. आरोही म्हणाली, अय्या आप्पा, आज होय? सॉरी हं!

अय्या.

खिशातला कागद तेव्हाच घामानं भिजला होता.

जेवण आलं. जांभळट पेज होती एक, मंगल म्हणाली, अळकुड्या वाटल्यागत लागतंय. मला फक्त ते धुरकट वासाचं मऊ चिकन आवडलं. दोनदा मागून घेतलं. राग आला की मला भूक लागते.

मग बायकांना नाच शिकवायला स्टेजवर बोलावलं. मी मंगलला सांगणार होतो, बस गप. पण तिची खुर्ची रिकामीच होती. नऊवारी नेसत नाही ती, साधी सुती साडी, पदर खोचलेला. सगळ्या बायका कंबर हलवत होत्या. ही हात हलवत होती. लाटा, पाऊस, वारा असं काहीतरी हातानं सांगायचं असतं म्हणे. तिला ते लगेच जमलं. शिकवणाऱ्या बाईनं तिला पुढं आणून उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही आठवत नाही. ही बाई नाचते, हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

खाली आली ती घामेजून हसत. तेवढ्यात आरोहीनं माझा हात धरला आणि म्हणाली, आप्पा, तुम्ही आजोबा होणार. नोव्हेंबरात.

त्या क्षणी मी सगळं माफ केलं. खरंच केलं. रडलो, भाषणात ठरवलेल्या जागेशिवायच. म्हटलं, आता घरी जाऊन शेताचं बघतो आणि दिवाळीआधी दोघंही परत येतो.

मंथन ताटात बघू लागला.

आरोही म्हणाली, “आप्पा, आई आता जाणार नाही. इथंच थांबणार आहे. बाळ झाल्यावरसुद्धा जमेल तेवढं.”

मी म्हटलं, कुणी ठरवलं? पोरीनं गळ घातली म्हणून लगेच व्हय म्हणायचं?

मंगल म्हणाली, “तिनं न्हाय गळ घातली. मीच मागितलं. मला राहायचंय.”

“आणि मला कधी सांगणार होतीस?”

“आता सांगितलं की.”

“हे सगळे पंधरा दिवस माझ्या पाठीमागं...”

“पंधरा दिवस न्हाय,” मंगल म्हणाली. आवाज चढला नव्हता. “दिवाळीपास्नं ठरलंय, बाळाचं कायबी नव्हतं तवापास्नं. तुमाला आधी सांगितलं असतं तर तुमी व्हय म्हटला असता आन् रोज उठून ऐकवला असता. आरोहीचं स्थळ ठरवून आलासा, पान-सुपारी खाऊन, मग मला सांगितलासा. ह्यो पोरगा बरा निघाला म्हणून निभावलं.”

मंथन जास्तच खाली बघू लागला.

मी म्हटलं, तो विषय वेगळा. कसा वेगळा ते तिनं विचारलं नाही, त्यामुळं सांगता आलं नाही.

स्टेजवर एक माणूस पेटलेला दांडा गरागरा फिरवत होता. सगळे तिकडं बघत होते. मंगलपण. मी एकटाच ताटाकडं बघत होतो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, चिकन बरं होतं.

आरोही म्हणाली, आप्पा, ते चिकन नव्हतं.

दोनदा मागून घेताना चौघांपैकी तिघांना माहीत होतं. मंगलला विचारलं, का बोलली नाहीस? म्हणाली, “आवडीनं खात हुतासा. कशाला मोडू?”

३ जून

आजपासून मंगलशी अबोला. कळू दे.

४ जून

अबोला चालू. ती आरोहीबरोबर शिंपले वेचायला गेली.

५ जून

तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. उगाच ताणण्यात अर्थ नाही म्हणून मीच विचारलं, चहा घेणार काय? म्हणाली, आमचा झाला.

८ जून, सॅन होजे

आज आरोही जवळ येऊन बसली. म्हणाली, “आप्पा, तुम्हीपण थांबा की. तिकीट बदलता येतं. आईला पण बरं वाटंल.”

मी म्हटलं, छे! पेरणी तोंडावर आलीय. गावात माझ्यावाचून किती कामं अडतात, तुला काय कल्पना? मला शक्य नाही.

ती म्हणाली, बरं.

९ जून

आपल्याकडं पहिल्यांदा नाही म्हणायची पद्धत असते. मग समोरच्यानं पुन्हा म्हणायचं, थांबा हो. मग आपण म्हणायचं, बघू. तिसऱ्यांदा राहायचं. पोरगी सांबऱ्यात वाढली, तिला हे ठाऊक आहे.

तिनं पुन्हा विचारलं नाही. आज मी तिच्यासमोर सहज बोललो, यंदा पाऊस लांबला म्हणे, पेरणीला घाई नाही. तिनं फोनवर बघून सांगितलं, नाही आप्पा, बेळगावात चांगला चाललाय.

१२ जून, एअरपोर्ट

मंगलनं बॅग भरून दिली. माझी बॅग तिनं भरलेली, तिचे कपडे कपाटात लावलेले. गोळ्या कुठल्या कप्प्यात ते सांगितलं. मी म्हटलं, तुला तिकडची आठवण येईल, मग एकटी कशी येणार? विमान बदलायचं, इंग्रजी बोलायचं...

म्हणाली, “येताना त्या साहेबाला काय सांगितलं मी? सहा महिनं. त्याला कळलं की.”

तिला प्रश्न कळला होता.

आत जाताना तिनं हात हलवला. मी मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. चार वेळा बघितलं. शेवटच्या वेळी ती मंथनशी बोलत होती.

१५ जून, सांबरा

घरी. गल्लीतले दोस्त महादेव आणि भरमू बघायला आले. हवाईची सगळी माहिती दिली. एकसष्टीचा कार्यक्रम समुद्रकाठी झाला, गळ्यात माळ घातली, मोठा समुदाय होता, गाणं म्हटलं, असं सांगितलं. यात खोटं काही नाही. मंगल कुठाय विचारलं. म्हटलं, मीच ठेवून आलो, पोरीला गरज आहे. महादेव म्हणाला, तुझा निर्णय म्हणजे पक्का असतो गड्या.

ऐकून बरं वाटलं पाहिजे होतं.

१७ जून

उद्यापासून स्वयंपाक स्वतः करायचा. अवघड काय त्यात.

१८ जून

पिठलं लागलं. गॅसचा दोष.

शेजारच्या जयाबाई भाकरी-आमटी घेऊन आल्या. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, “वैनींनी जातानाच सांगून ठेवलंय, भावजी एकलेच परत येणार म्हणून. रोज दोन टायम देणार मी.”

म्हणजे गल्लीलाही माहीत.

२१ जून

मंगलला तीन दिवस फोन लावतोय. उचलत नाही, नाहीतर आरोही उचलून सांगते, आई बाहेर गेलीय. पोहायला शिकते म्हणे. मंगल!

आज जयाबाई ताट ठेवत होत्या तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. मंगलचाच होता. रोज करते म्हणे ह्याच वेळेला. आवाज मला ऐकू येत होता, शब्द नव्हते. जयाबाई सांगत होत्या, व्हय वैनी, जेवत्यात, काल दोन भाकरी खाल्ल्या, गोळी घेतली, न्हाय, खोकला न्हाय. मी ताटावरून उठून हात पुढं केला.

जयाबाई म्हणाल्या, “हैत की हितंच. देऊ काय?”

थोडं ऐकलं. बरं म्हणाल्या. फोन ठेवला.

“राहू दे म्हणाल्या. जेवू देत त्यास्नी.”

मी बसलो. आमटी चांगली होती. जेवलो.