सात नंबरचं उत्तर

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीपुरतंच येतं, तेव्हा हे लिहून कोणाच्या पदरात काय पडणार ते देव जाणे. तरी लिहिते. वही माझी नाही, नातीची आहे. नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. तू गेलीस तेव्हा लेकच परकरात होती, म्हणजे हिला तू पाहिलीच नाहीस. पाहायला हवी होतीस. रत्नागिरीला कॉलेजात मानसशास्त्र शिकते, माणसाच्या मनात काय चालतं त्याचं शास्त्र. मी विचारलं, "म्हणजे भगताचं शिक्षण काय गो?" तर अशी हसली, अशी हसली, की चष्मा आमटीच्या वाटीत पडला. परीक्षेसाठी तिला एक विषय घेऊन माणसांना प्रश्न विचारायचे होते. तिनं विषय घेतला गावातल्या बायका मशेरी का लावतात, कोणाकडून शिकतात आणि सोडायची म्हटली तरी का सुटत नाही. सोबत एक पत्रक पण आणलं होतं. त्यात छापलंय, मशेरी म्हणजे तव्यावर जाळून पूड केलेली तंबाखू, जी बायका दातांना व हिरड्यांना लावतात. जसं काय आम्हाला वाटत होतं ती खडीसाखर आहे.

ही वही तिनं मला मशेरी सोडायला दिली. पानापानावर पट्टीनं रकाने आखलेत. किती वाजता तलफ आली, तेव्हा कुठे होते, जवळ कोण होतं, मनात काय होतं, लावली की नाही लावली. मला वाटलं हे कसलं औषध, ना काढा ना गोळी. पण लिहिता लिहिता कळायला लागलं की मला भांडी घासून झाली की हवी, जाऊ मागल्या दारी येऊन बसली की हवी, आणि कोणी टाकून बोललं की हवीच हवी. पहिल्या दिवशी नऊ वेळा लिहिलं. आज चौथा दिवस, सगळ्या रकान्यांत शून्य. डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, ते पण लिहिलंय, वाचून पोरगी हसेल तर हसू दे. मागची पानं कोरी होती, तिथे तुला लिहिते. रविवारी दुपारच्या एसटीनं ती वही न्यायला येणार. त्याआधी ही पानं फाडून चुलीत घालायची असं ठरवून बसले आहे, कारण त्या पोरीला मी एका प्रश्नाचं खोटं उत्तर दिलंय, आणि त्या खोट्यापायी तिच्या आईचं तोंड नासत चाललंय. सांगते. दमानं सांगते, मला एका जागी बसून सांगायची सवय नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्याबरोबर वाडीभर फिरले. नवी साडी नेसले होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, कुणाच्या लग्नाला चाललीस? नात पुढे आणि मी तिची पिशवी घेऊन मागे, घरोघर. कुत्री हाकलायची, बायकांना खळ्यात बोलवायचं, "घाबरू नको गो, सुई टोचत नाय, खाली प्रश्नच हायत" असं सांगायचं, ही माझी कामं. नावं लिहायची नाहीत असा त्यांच्याकडे नियम आहे, म्हणून प्रत्येकीला नंबर. पाच नंबर धाकटी जाऊ, मी सात नंबर. एकेका वाक्याला पाच चौकोन. अगदी पटतं, पटतं, सांगता येत नाही, पटत नाही, अजिबात पटत नाही. पोरगी वाचते, "लहानपणी आई मला जवळ घेत असे." जाऊ म्हणते, "जवळ म्हंजी? एका कमरेवर घागर, दुसऱ्या कमरेवर धाकटा, मी काय डोक्यावर बसू?" पोरीनं विचारलं, "मग काय लिहू, काकीआजी?" तर म्हणते, "लिव, जागा नव्हती." सगळ्या हसल्या. मी पण हसले.

मग माझी पाळी आली. "शिक्षणासाठी आईने मला पाठिंबा दिला." पेन मी मागून घेतलं आणि शेवटच्या चौकोनात अशी फुली मारली की कागद फाटला. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "पेनचं टोक बारीक हाय गो."

तुला तो दिवस आठवतो काय? तुला कशाला आठवेल. गुरुजी चालत आले होते, भर उन्हातनं. खळ्याच्या चिऱ्यावर बसले. तू पाणी दिलंस, गुळाचा खडा दिलास. मी दाराआड उभी आहे, कडेवर धाकटा भाऊ, त्याच्या नाकाला शेंबूड. गुरुजी म्हणतात, पोरगी हुशार आहे, पाचवीला घाला, पलीकडच्या गावात शाळा आहे, माझी बहीण तिथेच राहते, पावसात तिच्याकडे थांबेल. आणि तू म्हणतेस, "ही गेली तर धाकट्याला कोन बगल? तुमी?" तू हसलीस. त्याच हसण्यात म्हणालीस, "शिकून काय मामलेदारीण व्हायची हाय? बापूस मुंबईत, हितं मी एकटी." बिचारे गूळ तसाच हातात धरून गेले. वळणापर्यंत मी बघत होते, त्यांनी तो खाल्ला नाही.

मी दोन दिवस जेवले नाही. तू हाक पण मारली नाहीस. तिसऱ्या दिवशी तू मशेरी भाजत होतीस. फुटका तवा, त्यावर तंबाखूची पानं काळी होत होती, घरभर धूर, धाकटा खोकून खोकून लाल. मला म्हणालीस, "हिकडं ये." मला वाटलं मारणार. तू माझी हनुवटी धरलीस, तोंड उघडलंस आणि काळं बोट माझ्या हिरड्यांवरून फिरवलंस. डाव्या बाजूनं, मग उजव्या. "लाव. भूक मरते आनि रडू पन मरतं." घर गरगरलं. मी केळीच्या बुडात जाऊन ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं पाणी आलं. पण मग खरंच सगळं शांत झालं. शाळा लांब गेली, गुरुजी लांब गेले. दुसऱ्या दिवशी मी आपणहून हात पुढे केला. तू शेजारणीला कौतुकानं सांगितलंस, "एका दिसात शिकली बग." तर. गुरुजी काय खोटं बोलत होते? हुशार होतेच मी.

नात म्हणते, पोर सांगून शिकत नाही, बघून शिकतं. आई दुःख झालं की काय करते ते पोर बघतं आणि आपल्याला दुःख झालं की तेच करतं. असं पुस्तकात आहे म्हणे. मी म्हटलं, त्याला पुस्तक कशाला हवं, माझ्या हिरड्या बघ. वर्षानुवर्षं मला वाटायचं, तू मला काहीच शिकवलं नाहीस. ना ओवी, ना शिवण, ना घावने पातळ घालायचे. तेही सासूनं शिकवले, आणि काय ते बोलून बोलून. पण तू शिकवलेलं एक मात्र पक्कं बसलं. लग्नात सासरी जाताना तू मला तुझी पितळेची डबी दिलीस. बाकीच्या मुलींना आया काय काय देत होत्या. मी वरातीत घुम्यासारखं तोंड करून बसले होते आणि मुठीत ती डबी.

आता खोटं सांगते. एकोणिसावा प्रश्न होता, "तुम्ही घरात कोणाला मशेरी लावायला शिकवलीत का?" मी सात नंबर. पोरगी माझ्यासमोर पेन धरून, जाऊ बाजूला तांदूळ निवडत. जावेचा हात थांबला, मला दिसला. मी म्हटलं, "न्हाय. कुणालाच न्हाय." पोरीनं खूण केली आणि विसावा प्रश्न काढला. ती उठून पाणी प्यायला आत गेली तशी जाऊ खालच्या मानेनं म्हणाली, "सात नंबरनं खोटं सांगितलंन." मी म्हटलं, "तू तुझं तांदूळ बघ."

जावेला माहीत आहे, ती होती तेव्हा घरात. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. बाळंतीण व्हायला आलेली लेक, मी किती हरखले होते, आळीव, डिंक, सगळं करून ठेवलं होतं. मुलगी झाली, हीच, आताची चष्मेवाली. आणि लेक रडायला लागली. दूध पाजताना रडायची, अंघोळीला नेली की रडायची, पोर रडली की ही तिच्याहून मोठ्यानं. विचारलं तर म्हणायची, "काय माहीत गं आई, बरं वाटत नाही." आता नात सांगते की असं होतं बाळंतिणींना, त्याला नाव पण आहे, अशा वेळी जवळ बसायचं, बोलू द्यायचं, डॉक्टरला दाखवायचं. आये, मी बसले नाही. जवळ बसायचं कसं ते मी कधी बघितलंच नव्हतं. मला एकच औषध माहीत होतं. तुझी डबी उघडली, लेकीची हनुवटी धरली आणि बोट फिरवलं, डाव्या बाजूनं, मग उजव्या. तोंडातनं शब्द पण तुझेच आले. "लाव. बाळंतिणीला वारा बाधत नाही, रडू पण मरतं." तिच्या मांडीवर पोर पीत होती.

लेक अजून लावते. रत्नागिरीत बंद दारांची घरं, तिथे मागल्या दारी बसायला कोण आहे? मोरीत जाऊन लावते, साबणाच्या पुडीमागे लपवते. पोरीला वाटतं आई सारखी दात घासते. दिवाळीला आली होती तेव्हा चकली हातानं चुरून खात होती. मी म्हटलं, "दात दुखतात काय?" तर म्हणाली, तिखट लागलं की गालात आग होते, आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. मी म्हटलं दाखव, तर दाखवेना. मग हे पत्रक आलं. बोट ठेवून ठेवून मी वाचलं, चार वेळा. तिखट झोंबणं, गालात पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणं, अशांनी वेळ न घालवता दाखवून घ्यावं. मी लगेच फोन केला. लेक म्हणाली, "आई, तिला सांगू नको हां. पोरगी दुनियेच्या तोंडात बघत फिरते, तिला मी काय तोंड दाखवू? परीक्षा झाली की जाईन." मी म्हटलं बरं. बरं म्हणायला माझं काय जातं? मी पण त्यात वाचतेच ना. लेकीची लाज राखते असं म्हणायचं आणि आपली झाकायची.

तुझ्यावर मला राग आहे, आये. इतकी वर्षं मी तो गुळासारखा जपला, थोडा थोडा खाल्ला. वाटायचं, वर भेटलीस की विचारीन. पण परवा एक गंमत झाली. तू गेलीस तेव्हा तुझ्या उशाखाली काय होतं ते मला रकाने लिहिताना आठवलं. केळीच्या सुक्या पानाची पुडी, दोऱ्यानं बांधलेली. त्यात मशेरी. एवढी वर्षं तू पानाच्या पुडीत ठेवत होतीस, कारण डबी मला दिली होतीस. तुझ्याकडे दुसरी नव्हती. मला काही देण्यासारखं तुझ्या घरात तेवढंच होतं आणि ते तू दिलंस. म्हणून राग गेला असं नाही. उलट वाढला. इतकं कमी कसं गं होतं तुझ्याकडे? आणि गुरुजी तर फुकट देत होते.

तर ही पानं फाडायची नाहीत असं आता ठरलंय. हात दुखला लिहून, ते काय चुलीत घालायला? तू वाचणार नाहीस, पण रविवारी ती वाचेल. वाचलं की मला नको नको ते बोलेल, आणि बोलू दे. मग आईला हाताला धरून डॉक्टरकडे नेईल, तेवढी ती खमकी आहे. लेक माझ्याशी बोलणार नाही काही दिवस. कदाचित बरेच दिवस. पण तिचं तोंड कोणीतरी उजेडात उघडून बघेल. वहीतच एकोणिसावा प्रश्न लिहून त्यापुढे मी आत्ताच लिहिलं, सात नंबर, उत्तर होय, लेकीला शिकवली.

एक राहिलं. नात म्हणाली होती, आजी, डबी घरात ठेवू नको, दिसली की मन तिकडे जातं. मी सांगितलं, पऱ्यात फेकली, गेली वाहून. ती खूश झाली, मला मिठी मारलीन. फेकली नाही. राखेनं घासून तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवली आहे. रिकामी आहे, शपथ. कधीतरी हात घालून चाचपते, आहे ना एवढंच. हे तेवढं पान मात्र फाडणार.