चषकावरचं नाव

लातूर, ९ डिसेंबर

प्रिय उषी,

इतके महिने गप्प राहिले, माफ कर. तू उन्हाळ्यात गेलीस तेव्हा रडू आलं होतं. राग आज आला, म्हणून आज लिहिते आहे.

आपल्या शाळेत मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेसाठी तुझ्या स्मरणार्थ फिरता चषक ठेवायचं ठरलं. त्याची आज बैठक होती. जुनी खेळाडू म्हणून मलाही बोलावलं होतं. आणि वाद कशावरून झाला असेल? तुझ्या नावावरून!

आठवतं, खेळाच्या सरांनी तुला कवायतीच्या रांगेतून बाहेर काढलं होतं? तुला वाटलं, शिक्षाच. त्यांनी तुझी उंची पाहिली होती. मग कुठून तरी रशियन बायकांच्या सामन्याची कॅसेट आणली. त्यांची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी सगळ्यात उंच मुलगी, रिंगकडे पाठ करून उभी राहायची आणि एका हाताने डोक्यावरून बॉल टाकायची. आम्ही सामना पाहत होतो, तू फक्त तिचे पाय पाहत होतीस. मग सिमेंटच्या तापलेल्या मैदानावर अख्खा उन्हाळा तेच. जिल्ह्याकडून खेळलीस, विभागाकडून खेळलीस, शेवटी राज्याकडून. समोरच्या मुली ओरडायच्या, ‘त्या रशियनला धरा गं!’ कुणाला जमलं तुला धरायला?

लग्नाला जमलं.

मुखेडला, तुझ्या सासरच्या गावी, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘प्राजक्ता’ लिहिलं गेलं. आपल्या संघातली शबाना तुझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘आता पास देताना काय ओरडू गं? प्राजक्ता म्हणेपर्यंत बॉल बाहेर!’ नवरी असूनही तुला हसू आवरेना. पण पास द्यायची वेळ पुन्हा आलीच नाही. राज्याच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा तू सासरी होतीस. ‘नव्या सुनेनं चड्डी घालून पळायचं का?’ एवढ्यावर विषय संपला. एका खेळाडूची कारकीर्द इतक्या स्वस्तात संपवता येते?

तू गेल्याची बातमी पेपरात आली, ‘सौ. प्राजक्ता यांचे निधन’. डोक्यावर पदर घेतलेला फोटो. आपल्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर ते कात्रण कुणीतरी टाकलं. शबानाने नांदेडहून त्याखाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं आणि ती कामाला लागली. तुझ्या लग्नातलं ते नाव ती केव्हाच विसरली होती. मी फोन केला तर विचारते, ‘कोण गं ती? मुखेडची कुणी पुढारीण होती का?’

‘शबाना, आपली उषी गेली.’

 ती म्हणाली, ‘या अल्ला! आपल्या उषीला मी असे परक्यासारखे हात जोडले?’

आज बैठकीला तुझा दीर आला होता. ‘म्याडम, चषकावर प्राजक्ताच पाहिजे. उषा कोण हाय? मुखेडात कुणालाबी इचारा.’

मी म्हटलं, ‘भाऊ, मुखेडात प्राजक्ता कधी बॉल तरी खेळली का?’

‘न्हाई. आमच्या वहिनी असल्या भानगडीत नव्हत्या.’

असल्या भानगडीत! ऐकतेस ना?

मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. प्राजक्ता, आणि पुढे कंसात उषा. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला. तू कंसात! तिघीतिघी मिळूनसुद्धा जिला कोपऱ्यात कोंडू शकल्या नाहीत, तिला तिच्याच मैदानावर कंसात कोंडायचं?

घरी येताना मात्र मनात आलं, हा राग तुझा की माझाच? त्या नावाने तू संसार केलास, मुलगी वाढवलीस. एकदा फोनवर ‘उषी’ म्हटलं तर म्हणालीस, ‘हळू बोल गं, स्पीकर चालू हाय.’ लाजलीस की घाबरलीस, मला अजून कळलेलं नाही. चुकीची शिट्टी वाजली तर पंचाच्या अंगावर धावून जायचीस तू! मग घरात का नाही भांडलीस? मला सांगायचं तरी होतंस.

शेवटी तुझ्या गौरीला फोन लावला. ती म्हणेल ते मान्य करायचं, असं मनाशी ठरवून. दिराचं नाव काढलं नाही, माझं मत सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘बाळा, चषकावर काय लिहू?’

 ती म्हणाली, ‘मावशी, आजोळी कुणी उषा म्हटलं की आई लगेच ओ द्यायची. आमच्या घरी प्राजक्ता म्हटलं की दोनदा हाक मारावी लागायची. शेवटपर्यंत.’

उषी, फोन ठेवला आणि कागद घेऊन तुला लिहायला बसले.

आता मनात शंका नाही. मग मी गौरीला बैठकीतलं सगळं सांगितलं; तिच्या काकांशी, तुझ्या दिराशी, तीच बोलणार आहे. ते रुसले तर रुसू देत, समारंभाला नाही आले तरी चषक दिला जाईलच. माझा शब्द आहे: जिंकलेल्या मुली ज्या नावाचा चषक उचलतील, ते तू पहिल्या हाकेला ओ द्यायचीस तेच असेल.

तुझी,
पुष्पी

उद्या: शाळा भरायच्या आत मुख्याध्यापकांना गाठून ‘प्राजक्ता’ आणि कंस दोन्ही काढायला लावणे, नुसतं ‘उषा’ ठेवणे.