पाचव्या दिवसाचं पाणी

पोरी संगीता,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहितात. तू जिती असताना मी तुला तसं कधी म्हटलं न्हाई, आता लिहायची लाज वाटते. म्हणून पोरीच लिहिलं. तुझी सासू सातवी शिकलेली, अक्षर लागंल तसं वाचून घे.

आज तुझ्या लेकीच्या, साक्षीच्या, पाळीचा पाचवा दिवस. न्हाणीत गेली आहे, डोक्यावरून पाणी घ्यायला. बाहेर आली की मला सांगणार, अंगावरून जायचं थांबलं का न्हाई. ती खरं सांगते का खोटं, ह्यावर माझा जीव टांगला आहे. नुसतं बसवंना, म्हणून पेन धरला.

आपल्या घरचा कायदा तुला ठाऊकच आहे. चार दिवस ओसरीवर, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पाचव्या दिवशी न्हाणं झालं की चूल आणि देव मोकळे. कायदा कसला, माझाच हट्ट! माझ्या सासूनं माझ्यावर चालवला, मी तुझ्यावर. तू कधी चुकली न्हाईस. पाचव्याला ओल्या केसांनी यायचीस, 'झालं, आत्याबाई' म्हणायचीस आणि पिठाला हात घालायचीस. मी शिरड शहापूरभर सांगत फिरायची, माझ्या सुनेचं सगळं बराबर आहे म्हणून.

बराबर! काय डोंबलाचं बराबर!

तू गेलीस त्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत तू चार पावलं टाकली की खाली बसायचीस. छातीत धडधडतंय म्हणायचीस. मी खेकसायची, "काहून बसून राहिली गं? ऊन काय तुलाच लागतं का?" तुझे तळहात पिवळेजर्द होते, पण हळदीतल्या सगळ्याच बायांचे तसे असतात. त्या पिवळ्याखाली रक्त आहे का न्हाई, हे दिसावं कसं? आता कळलंय, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची असती. आतून लाल असायला पाहिजे, पांढरी न्हाई. एका बोटाचं काम होतं गं!

मी काय केलं? दोनदा सलाईन लावून आणली. अशक्तपणा आला की आपल्याकडं सलाईनच लावतात. नुसत्या पाण्यानं कुठं रक्त होतं का?

हिंगोलीला नेली तेव्हा रक्ताचा आकडा तीनवर आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाली, "ताई, महिन्याला किती दिवस जातं?" विचारलं तुला, उत्तर दिलं मी. "चार दिवस. आमच्याकडं पाचव्याला न्हाणं असतं." कशी छाती पुढं काढून सांगितलं! तू माझ्याकडं बघितलंस. नाकाला नळी होती, तोंड तर मोकळं होतं तुझं. बोलली काहून न्हाईस? रक्ताची पिशवी यायच्या आत तुझ्या काळजानं दम सोडला. आणि सहा वर्षं मी लोकांना सांगत राहिले, तिला कशानं झालं ते कुणालाच कळलं न्हाई.

मागच्या महिन्यात साक्षीच्या कंपासमध्ये पाटीच्या पेन्सिली सापडल्या, कुरतडलेल्या. दहावीतल्या पोरीला पाटीची पेन्सिल कशाला लागते? खायला! रक्त कमी पडलं की असलं खावंसं वाटतं, हे मागून कळलं. खाली एक चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. शाळेत रक्त तपासलं होतं त्याची. हिमोग्लोबिन सहा, पाहिजे बारा.

तिला समोर बसवलं. "किती दिवस जातं गं तुझं?"

"चार."

अगदी तुझ्यासारखी बोलली. मी दरडावलं, मग हात जोडले. तेव्हा कुठं रडत रडत म्हणाली, "धा दिवस जातं, आजी. कधी बारा. पन पाचव्याला न्हाले न्हाई तर तू बाहेरच बसवशील. आन् न्हाल्यावर सांगितलं तर देवाला इटाळ केला म्हनशील." नाक पुसून अजून बोलली, "आई बी असंच करायची. मला म्हनली व्हती, आजीला सांगू नको."

दहा वर्षांचं लेकरू होतं ते तवा, संगीता! त्यानं हे सहा वर्षं पोटात ठेवलं. आणि तू डॉक्टरणीपुढं गप्प बसलीस ती मला खोटं पाडायचं न्हाई म्हणूनच ना? मरता मरता सासूची अब्रू राखलीस! मला तुझा राग येतो. माझा जास्त येतो, पण तुझाही येतो.

दुसऱ्याच दिवशी तिला हिंगोलीला नेली. ह्या खेपेच्या सलाईनमध्ये लोहाचं औषध होतं. गोळ्याही आहेत. गोळी लिंबाच्या पाण्यासंगं देते, आणि चहा पुढं-मागं दोन घंटे जवळ येऊ देत न्हाई. शौचाला काळं झालं म्हणून पोरगी घाबरली, तर मी म्हटलं, तो गोळीचा रंग आहे, गोळी सोडायची न्हाई. डॉक्टरीण म्हणाली, आकडा वर आला तरी पुढं तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या. "पण आजी, खालून गळत राहिलं तर हौद भरणार कसा?" जाणं कमी करायच्याही गोळ्या दिल्या आणि बजावलं, पाचव्या दिवशी तसंच चालू असलं तर त्याच दिवशी घेऊन या, अंगात साठाच न्हाई.

म्हणून आज माझे कान न्हाणीच्या कडीकडं आहेत. ह्या महिन्यात मी तिला ओसरीवर बसूच दिलं न्हाई. पहिल्याच दिवशी चुलीपुढं बोलावलं. आली, पण नजर सारखी दाराकडं, भाकरी करपली. शेजारीण बघून म्हणाली, "म्हातारे, देवाधर्माचं काय?" म्हटलं, देवाचं मी बघते, तू तुझं कालवण बघ. पण पोरीचा माझ्यावर इश्वास बसला का? चार दिवसांत बसतो का कुठं?

कडी वाजली. आली बघ.

संगीता, आली ती आणि म्हणाली, "झालं, आजी." ओरडावं वाटलं, पण मी पेनाला टोपण लावत बसले. ती आत गेली. पिठाचा डबा काढल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन माझ्यापुढं बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "न्हाई झालं. लई जाऊन राहिलं."

ह्या घरात कुण्या बाईनं पाचव्याला हे आपणहून सांगायची ही पहिलीच वेळ. तिला पोटाशी धरून मी रडले. तुझा नवरा गाडी काढून राहिला, तोवर एवढं संपवते.

तुला शब्द देते, पोरी. आज डॉक्टरीणबाईनं विचारलं, किती दिवस जातं, तर मी तोंड उघडणार न्हाई. उत्तर तुझी लेक देईल.

तुझी,
आत्याबाई