मार्शविकशी आता सामना नाही

प्रिय बाबा,

नव्या हंगामासाठी फुटबॉल लीगची विभागणी जाहीर झाली. आमच्या हॅलोफोर्ड क्लबला पश्चिम विभागात हलवलं आहे. तुमचा मार्शविक पूर्वेतच राहिला. म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा आपला सामना आता होणार नाही.

आईला सोडून तुम्ही नदीपलीकडे गेलात, तेव्हापासून आपण वर्षातून त्या एकाच दिवशी भेटतो. तुम्ही मैदानाच्या कठड्याला टेकून म्हणता, "काय रे कीरन, तुमचा गोलकीपर चहा प्यायला गेला का?" मी म्हणतो, "तुमचा तर अजून आलाच नाही!" एवढंच बोलणं, पण मला ते वर्षभर पुरतं.

हरकत घ्यायला सात दिवस होते. क्लबचा चिटणीस मीच. अध्यक्ष पास्क म्हणाले, "चार ओळी खरड आणि पाठव की लेका!" चूक राहू नये म्हणून मी ते पत्र पाच वेळा नव्याने लिहिलं आणि आठव्या दिवशी पाठवलं. लीगने ते न वाचताच परत केलं. क्लबात सगळे लीगला शिव्या देतात; उशीर माझ्यामुळे झाला हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सामना असला की तुम्ही येताच. नुसतं मला भेटायला याल का, हे विचारायचा धीर होत नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही.

तुमचा,
कीरन