दारं धरणाऱ्याच्या हातातलं खोरं

४ ऑगस्ट, सोमवार

बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतली मोफत बचावाची अपिलं आजपासून एकाच टेबलावर. माझ्या. कपाट अजून एकच.

नीलोफर (माझी सहायक, वकिलीचं दुसरं वर्ष) नवीन फाइल घेऊन आली, तीही निकालपत्र उघडून. बंद करायला लावलं. या विभागात निकालपत्र शेवटी वाचायचं. आधी जबाब, मग जागेचा नकाशा, मग डॉक्टर. निकाल आधी वाचला की जबाब न्यायाधीशांच्या डोळ्यांनी वाचले जातात.

"मॅडम, सिव्हिल इंजिनिअरिंग सोडलंत, पण पाया बघितल्याशिवाय वर चढत नाही तुम्ही."

खरं आहे.

फाइल: दत्तू, निरवांगीचा सालगडी. पाटाच्या पाण्यावरून भांडण, पोपट नावाच्या शेतकऱ्याचा हात मोडला. खालच्या कोर्टात दोन वर्षं सक्तमजुरी. सध्या जामिनावर. अपील फेटाळलं तर त्याच दिवशी आत.

७ ऑगस्ट, गुरुवार

दत्तू आला. सोबत बायको, संगीता. तो खुर्चीच्या कडेवर, ती खुर्ची पूर्ण भरून.

खालच्या कोर्टात वकील कुणी दिला? "आबांनी." आबा म्हणजे मालक. त्या वकिलाने उलटतपासणीत एकही प्रश्न विचारलेला नाही. का?

उत्तर संगीतानेच दिलं, "इचारायचंच नव्हतं त्याला. मारलंय आबांनी."

"तू गप गं."

"दोन वर्सं गपच हाय की मी."

मग हळूहळू सगळं निघालं. आबा आणि पोपट चुलतभाऊ. वाद पाण्याच्या पाळीचा. रागात आबांनी मारलं. हात मोडला म्हटल्यावर दवाखान्यातून पोलिसांना कळलंच. भावकीत केस नको, घरात लग्न तोंडावर, म्हणून दोघांनी मिळून नाव सालगड्याचं घातलं. पोपटही तयार. आबा दत्तूला म्हणाले, तू घे अंगावर, पोपट कोर्टात फिरेल, दोन तारखांत सुटशील. दत्तूने घेतलं. पुढे बांधावरून भावांचं पुन्हा बिनसलं आणि पोपट फिरलाच नाही.

"तुम्ही हो म्हणालात कसे?"

"आबा म्हनले म्हनून."

एवढंच. यात त्याला अजूनही काही विचित्र वाटत नाही.

सूचना स्पष्ट दिली त्याने: आबांचं नाव घ्यायचं नाही. राहतं घर आबांच्या मळ्यात, पोरगी शेजारच्या शाळेत. पक्षकाराची सूचना मला बंधनकारक. संगीता माझ्याकडे बघत राहिली. मी वहीकडे.

९ ऑगस्ट, शनिवार

सुट्टी. ऑफिसात मी आणि पंखा.

पोपटचा जबाब चार वेळा वाचला. फिर्यादीत म्हणतो, दत्तूने मारलं. कोर्टात शपथेवर मात्र: "मागून फटका बसला. वळून बघितलं तर दत्तू खोरं घेऊन उभा होता." यापुढे काही नाही. मारताना पाहिलं असं तो म्हणतच नाही. खालच्या कोर्टाने ते गृहीत धरलं. आणि शिक्षा शपथेवरच्या जबाबावर होते, फिर्यादीवर नाही.

फटका प्रत्यक्ष पाहिला असं म्हणणारा एकच, साक्षीदार क्र. २, शेजारचा शेतकरी. कुठून पाहिला? "माझ्या विहिरीवरून." नकाशात विहीर चारीच्या, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याच्या, पलीकडे. पंचनाम्यात दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस.

म्हणजे आबांचं नाव घ्यायची गरज नाही. जे कागदावर आहे तेवढ्यावर केस उभी राहते. राहावी.

निकालपत्र आता वाचलं. नीट लिहिलेलं आहे. फक्त चुकीचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

निरवांगी. नीलोफर सोबत. नवा पुरावा आणता येणार नाही, पण जागा न बघता नकाशावर बोलणं मला जमत नाही.

यंदाही दोन्हीकडे ऊस. विहिरीच्या कठड्याजवळ उभी राहिले, नीलोफर चारीच्या दाऱ्यापाशी (पाणी शेतात वळतं ते तोंड), जिथे पोपट पडला. हात वर करून ओढणी हलवायला सांगितली. मला दिसला तो ऊस.

चारीवर एक म्हातारे गृहस्थ उसाला पाणी देत होते. एका सरीचं तोंड मातीने बंद करायचं, दुसरीचं फोडायचं. इकडे याला दारं धरणं म्हणतात. मोजायचं होतं म्हणून म्हटलं, तात्या, खोरं जरा बाजूला ठेवता का?

"आन् दारं काय हातानं मोडू? तुमी येताय का मोडायला?"

नीलोफर हसून खाली बसली. मी थांबले. दारं धरणाऱ्या माणसाच्या हातात खोरं असतंच. ते हत्यार धरायचं तर या तालुक्यातला प्रत्येक माणूस पाण्याच्या पाळीला हत्यारबंद.

परतताना नीलोफर: "मॅडम, तुम्ही हसलात." कदाचित.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आबा स्वतः आले. पांढरे कपडे, मऊ आवाज. टेबलावर पेरू ठेवले, मी परत पिशवीत भरायला लावले.

"पोरी, कशाला ताणतीस? पोपटचं आन् माजं आता ग्वाड झालंय. तडजोड टाकू कोर्टात. पोपट सही देतोय. दत्तू मोकळा."

कायद्याने हे चालतं. जखमी माणूस राजी असेल आणि अपिलाचं कोर्ट परवानगी देईल तर या कलमात तडजोड होते, आरोपी सुटतो. जोखीम जवळजवळ नाही.

"बदल्यात?"

"बदल्यात काय न्हाय. त्यानं फकस्त मळा सोडून जाऊ नये. बायको त्याचं कान भरतीया, बारामतीला शिलाईच्या कारखान्यात जायचं म्हनून. मानूस आपला हाय. घरचाच."

म्हटलं, प्रस्ताव पक्षकाराला शब्दशः सांगेन. आणि मला मॅडम म्हणा.

"बरं, म्याडम." राग आला नाही त्यांना. अशी माणसं जास्त अवघड.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दोघांना बोलावलं. दोन्ही मार्ग सांगितले. तडजोड: सुटका जवळपास नक्की. सुनावणी: केस चांगली आहे, माझ्या मते खूप चांगली, पण हरलो तर तुरुंग. मळ्याची अट कोर्टाच्या कागदावर येणार नाही, ती तुमच्यात आणि आबांच्यात.

संगीता: "तडजोड म्हंजी यांनी मारलं आन् पोपटरावांनी माफ केलं, असंच व्हईल न्हाय का?"

कायद्याच्या दृष्टीने नाही, म्हटलं. निर्दोष सुटल्यासारखंच.

"कायद्याच्या न्हवं, म्याडम. गावाच्या."

याचं उत्तर कायद्यात नाही. तसं सांगितलं.

दत्तू: "तुमी काय करचाल, म्याडम?"

सगळेच विचारतात. मी कुणालाच सांगत नाही. तुरुंगात मी जाणार नसते. आज सांगावंसं वाटलं, म्हणून जास्त सावकाश "निर्णय तुमचा" म्हटलं.

विचार करून सांगतो म्हणाला. दारात संगीता त्याला: "इच्यार कर म्हंजी आबांना इच्यारू नगं."

२५ ऑगस्ट, सोमवार

आजचा प्रकार लिहून ठेवते.

पोपट आला. एकटा. तडजोडीवर सही कुठे करायची विचारायला. डावा हात कोपरापासून थोडा वाकडा जुळलाय. म्हटलं, तुम्ही सरकारपक्षाचे साक्षीदार. दत्तूने अजून ठरवलेलं नाही. ठरलं तर कोर्टात, सरकारी वकिलांसमोर.

उठेना.

"म्याडम, एक सांगायचंय."

"सांगू नका."

"त्या दिशी..."

"पोपटराव, माझ्यासमोर नको. सांगायचंच असेल तर स्वतःचा वकील करा, त्यांना सांगा."

"हात माजा मोडला, आन् सांगायचं बी न्हाय व्हय?"

"मला नाही."

"मंग ऐकतंय कोन हितं?"

नीलोफरने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो प्यायला, म्हणाला, "शपथेवर म्या खोटं बोललो न्हाय. दिसलं तेवडंच बोललो. वाचा तुमी." आणि गेला.

वाचलंय.

नीलोफर चिडली. खरं बोलायला आलेला माणूस परत घालवला. समजावलं: त्याने आबांचं नाव घेतलं असतं तर मी काय करणार होते? पक्षकाराने मना केलंय. आणि विरोधी साक्षीदार माझ्या ऑफिसात बसून जबाब बदलतो, हे उद्या कोर्टात निघालं तर पहिला बुडणार दत्तू.

"तुम्हाला ऐकायचं नव्हतं का?"

होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

सुनावणी. आबा मागच्या बाकावर, पोपट शेजारी. तडजोडीचा अर्ज टाइप करून माझ्या फाइलमध्ये, बिनसहीचा. दत्तूने काल रात्रीपर्यंत काही कळवलं नव्हतं.

न्यायाधीशांनी विचारलं, तडजोडीचं काही आहे असं ऐकतो. मी दत्तूकडे वळले. तो उभा राहिला, आधी आबांकडे बघितलं (तेवढ्यात मनात हरले मी), मग समोर.

"न्हाय साहेब. तुमीच ऐका."

मागे बाक करकरला.

मग माझं काम. नकाशा ठेवला, विहिरीपासून दाऱ्यापर्यंत पट्टी धरली, मधला ऊस पंचनाम्याच्याच शब्दांत वाचून दाखवला. साक्षीदार दोनला जे दिसलं म्हणतो ते दिसू शकत नाही. पोपटचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. हातात खोरं होतं, हे खरं. दारं धरणाऱ्याच्या हातात दुसरं काय असणार?

न्यायाधीश: "मग मारलं कुणी?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तरी पाठीवर आबांची नजर जाणवली.

"ते सिद्ध करणं सरकारपक्षाचं काम आहे. माझ्या पक्षकाराने मारल्याचं सिद्ध झालेलं नाही, एवढंच मी म्हणते."

सरकारी वकील चांगले बोलले. फिर्यादीवर भर दिला. एका मुद्द्यावर मला उत्तर द्यायला वेळ लागला: दत्तू निर्दोष, तर इतकी वर्षं गप्प का? म्हटलं, गप्प राहणं हा आरोपीचा हक्क आहे. बरोबर उत्तर. पुरेसं आहे का, माहीत नाही.

निकाल राखून ठेवला. बाहेर आबा दत्तूला काही बोलले नाहीत. संगीताला म्हणाले, "घर बघा आता."

"बगितलंय," संगीता म्हणाली.

६ सप्टेंबर, शनिवार

वडगाव निंबाळकरला शिबिर. मोफत अपिलाची माहिती सांगितली. प्रश्न आले ते सगळे जमीन मोजणीचे. सिव्हिल इंजिनिअर होते हे नीलोफरने कुणाला तरी सांगितलं, मग तासभर सुटका नाही. शेवटी एक आजी थांबल्या. मुलाला शिक्षा झालीय, अपिलाची मुदत उलटलीय. उलटली तरी बघू, सोमवारी या. मुदत माफ होते. कारण खरं हवं आणि नीट मांडलेलं हवं. दोन्ही जमतं आपल्याला.

११ सप्टेंबर, गुरुवार

दत्तू-संगीता बारामतीत आले. एमआयडीसीच्या मागे एक खोली, पोरगी तिथल्याच शाळेत. पत्ता बदलल्याचं कोर्टाला कळवलं. संगीता कारखान्यात लागली. दत्तूला अजून काम नाही. आज ऑफिसात उगाच येऊन बसला.

"हितं पानी नळाला येतं. काय करायचंच नसतं."

मळा सोडल्याचा पश्चात्ताप होतो का, विचारलं नाही. तो आपणच म्हणाला, "आबांचा फोन आला हुता. दारं धरायला मानूस मिळना म्हनत्यात." थोडा हसला. मग नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

निकाल उद्या.

संध्याकाळी दोघं आले. दत्तूने विचारलं, कपड्यांची पिशवी आणायची का. असं विचारणारे पक्षकार असतात. उत्तर ठरलेलं आहे: आणा, लागली नाही तर परत न्या. तेच दिलं. आवाज नीट लागला.

फेटाळलं तर उच्च न्यायालयात जायचे कागद तयार आहेत. जामिनाचा अर्जही. नीलोफरने निकालाआधीच ते केले म्हणून तिला वाईट वाटत होतं, अपशकुन वगैरे. म्हटलं, पूल बांधताना पुराची पातळी धरतात, तो अपशकुन नसतो.

माझा अंदाज: सुटेल. हे इथेच लिहिते.

जाताना संगीता दारातून मागे फिरली. "म्याडम, उद्या डबा आनते. कोर्टातनं बाहेर आल्यावर खाऊ. किती मानसांचा आनू?"

पक्षकारांचं मी काही खात नाही. नीलोफर माझ्याकडे बघत होती. दत्तू हातातल्या रिकाम्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभा.

"चौघांचा," मी म्हटलं. "दत्तूला धरून."