घोडीचा पुढचा अर्धा भाग

हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल ज्यांना हे वाचावे लागेल त्यांची आधीच माफी मागतो. कागद चार महिन्यांपूर्वीच आणून ठेवला होता. पण पेन उघडले की शेडच्या पत्र्यावर कोणीतरी चालल्यासारखे वाटे आणि मी कागद गादीखाली सरकवत असे. पत्र्यावर मांजर असते हे मला माहीत आहे. तरीही.

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा घोड्यांना नाल ठोकणे, शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथी अर्धी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. परवा दवाखान्यात मला आज वार कोणता ते विचारले. मी बरोबर सांगितला, आणि तुम्ही का विचारता, असेही विचारले. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आहे, पण ते न लिहिण्याचे आहे. वकिलाचा कारकून टाइप करून देतो म्हणाला होता, पण तो माझ्या धाकट्या भावाबरोबर चहा पितो, म्हणून सगळे माझ्या हाताने लिहिले आहे. पाने चार. जिथे जागा रिकामी राहिली तिथे तिरकी रेघ मारली आहे, म्हणजे मागाहून कोणाला कलम घुसडता येणार नाही. पाचवे पान निघाले तर ते माझे नाही.

कलम पहिले. राहती खोली आणि तिच्या पुढची शेड माझ्या मुलीला. कुलूप दोनदा फिरवावे लागते, एकदा फिरवले तर ते लागल्याचे सोंग करते. शेड पाडून तिथे गाडी लावायची असे जावयाच्या मनात आहे. तोंडाने तो बोललेला नाही, पण मागच्या खेपेला पावले टाकत शेडची लांबी मोजत होता. विचारले तर म्हणाला, पाय मोकळे करतोय. पाय मोकळे करणारा माणूस आकडे पुटपुटत नाही. मुलीने शेड विकू नये असे मी म्हणत नाही. तिने जावयाला विचारून विकू नये, एवढेच म्हणतो.

कलम दुसरे. ऐरण, भाता, दोन हातोडे, पकडी, खूर तासायची कानस आणि वाकडा चाकू पुलापलीकडच्या नालबंदाला द्यावेत. तीस वर्षे तो माझ्यामागे सांगत आला आहे की मी खूर फार खोल कापतो. तो एकदाच बरोबर होता. तरी अवजारे त्यालाच, कारण या शहरात आता दुसऱ्या कोणाला ती धरता येत नाहीत. देताना त्याच्या देखत मोजावीत. छोट्या हातोड्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळलेली आहे. माझी बायको जाण्याच्या आदल्या वर्षी तिने ती गुंडाळली. ती सोडू नये.

कलम तिसरे. मनगटी घड्याळ शेजारच्या शिंप्याला द्यायचे होते. पण कारकून म्हणतो, साक्षीदाराला काही दिले तर ते कायद्यात बसत नाही. मी शिंप्याला तसे सांगितले, तर त्याने विचारले, "मग मी सही फुकट करायची होय?" चाळीस वर्षांची ओळख, आणि मनात घड्याळ. घड्याळ मुलीला.

कलम चौथे. हे नीट वाचावे.

मास्तरीण या नावाची तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघा भावांनी अर्धी अर्धी घेतली. चौकात कोणी गलका केला की ती मान वळवून अशी बघायची की माणसे गप्प व्हायची, म्हणून ते नाव. पावतीवर दोघांच्या सह्या आहेत. बग्गी, साज आणि परवाना धाकट्याचा. घेतली त्या दिवशी धाकटा म्हणाला होता, "दादा, पुढचा अर्धा भाग तुझा, खूर तपासायला. मागचा माझा, बग्गी तिकडेच जोडतात." आम्ही दोघे हसलो होतो. त्याने ती वाटणी खरी धरली. मी चेष्टा धरली.

गेल्या वर्षी ती पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागली. लंगडे घोडे गाडीला जुंपणे कायद्याने गुन्हा आहे, आणि दरवर्षी तपासनीस येऊन चाल बघतो तेव्हाच परवाना पुढे चालतो. लंगड त्याला पायात दिसत नाही, मानेत दिसते. दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडे मान वर उचलते आणि चांगला पाय टेकला की खाली टाकते. तपासणीच्या आदल्या दिवशी धाकटा माझ्याकडे येऊन बसला. परवाना गेला तर घर कसे चालायचे, मुलांच्या शाळेचे काय, सगळे सांगून झाले. मग म्हणाला, दादा, तुझ्या हातात काहीतरी असेल.

होते. ते मला माझ्या उस्तादाने दाखवले होते, आणि दाखवताना असेही सांगितले होते की हे शिकून घे, पण करू नकोस. लंगड काढता येत नसेल तर ते दोन्हीकडे सारखे करायचे. मी मास्तरणीचा उजवा पाय, म्हणजे चांगला पाय, मांडीवर घेतला. नाल काढली, खुराच्या तळव्यावर वाटाण्याएवढा खडा ठेवला आणि वरून नाल पुन्हा ठोकली. आता दोन्ही पाय सारखे दुखत होते. मान कुठल्या पायावर उचलायची ते तिला कळेना, म्हणून ती मान स्थिर ठेवून, आखूड पावले टाकत, जपून चालली. तपासनिसाने लिहिले, चाल समान. मला म्हणाला, मोठी शिस्तीची घोडी आहे.

खडा त्याच संध्याकाळी काढायचा असे ठरले होते. मी चाकू घेऊन शेडमध्ये बसलो. धाकटा तपासणीच्या मैदानावरूनच घोडी आणि बग्गी घेऊन बाहेरगावच्या कामावर गेला होता. परत आला नवव्या दिवशी. मी नाल काढली तेव्हा तळव्यातून पू आला. मी तो त्याला दाखवला. तो म्हणाला, "एक दिवस काय आणि नऊ दिवस काय, चालत तर होती ना."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तरीण टपाल कचेरीसमोरच्या उतारावर बग्गीसकट बसली. उठेना. लोक जमले, फोटो निघाले. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पोलिसात तक्रार दिली आणि घोडी त्यांच्या संस्थेच्या आवारात नेली. धाकट्यावर खटला चालू आहे. निकाल लागेपर्यंत घोडी संस्थेकडे. तो दोषी ठरला तर ती कायमची तिथे राहील. निर्दोष ठरला तर परत बग्गीला.

धाकट्याचा सगळा भार तपासनिसाच्या कागदावर आहे, आणि त्या कागदाचा भार माझ्यावर. मला जबाब द्यायला नेले त्या दिवशी तो वाटेत म्हणाला, "दादा, खोटं बोलूच नकोस. चाल सारखी होती एवढंच सांग. ती सारखी होतीच." मी तेवढेच सांगितले. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. तेव्हापासून पत्र्यावर कोणीतरी चालते.

मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. जावयावर, शिंप्यावर, कारकुनावर, दूधवाल्यावर. धाकट्यावर कधीच घेतला नाही, कारण त्याला मी कडेवर खेळवला होता. आता घेतो. कोर्टाच्या ताब्यात असलेल्या घोडीचा साज तो दर रविवारी तेल लावून पुसतो. विचारले तर म्हणतो, चामडे सुकते. चामडे मलाही कळते.

डॉक्टरीणबाईंवरही माझा संशय होता. वाटे, फोटो काढून घ्यायला घोडी हवी असेल. म्हणून एक दिवस मी संस्थेच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. मास्तरीण सावलीत होती, बरगड्या भरल्या होत्या. मला बघून तिने कान मागे टाकले. मग हळूहळू कुंपणापर्यंत आली आणि, मी काही न सांगता, उजवा पुढचा पाय उचलून धरला. माझ्याकडे पाय देताना ती नेहमी धरायची तसाच.

मागून डॉक्टरीणबाई आल्या. "काका, तुम्ही कोण?" मी म्हटले, मी असाच या रस्त्याने चाललो होतो. त्यांनी घोडीच्या उचललेल्या पायाकडे बघितले. "इथे आल्यापासून तिने हा पाय कोणाला धरू दिलेला नाही," एवढेच म्हणाल्या, आणि आतून कायद्याची एक छोटी पुस्तिका आणून माझ्या हातात दिली. मला का दिली? रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांना देतात का?

घरी येऊन बोट ठेवून वाचली. त्यात बारीक अक्षरात लिहिले आहे की, लंगड झाकण्यासाठी खुराला किंवा नालेखाली काही करणे हा लंगडे जनावर जुंपण्याइतकाच गुन्हा आहे, करणाऱ्याचा आणि करवून घेणाऱ्याचा. माझ्या शेडमध्ये, दार लावून केलेले काम छापील पुस्तकात. आधी वाटले कोणीतरी फटीतून बघत होते. मग कायद्याचे साल बघितले. माझ्या जन्माच्याही आधीचे आहे. म्हणजे माझ्याआधी पुष्कळांनी केले, आणि पुष्कळ घोडी बसली, म्हणून तर लिहावे लागले.

तेव्हा असे लिहून ठेवतो की घोडीतला माझा अर्धा हिस्सा, म्हणजे पुढचा, डॉक्टरीणबाईंना द्यावा, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय उरलेला अर्धा कोणाला जुंपता येणार नाही.

कलम पाचवे. ऐरणीखालच्या विटेमागे पत्र्याची डबी आहे. तिच्यात ती उजव्या पायाची नाल आणि तो खडा आहे. नालेच्या आतल्या कडेला खडा घासून चकचकीत झालेली जागा आहे, आणि टाचेला माझ्या हातचे तीन ठिपके आहेत, जे मी प्रत्येक नालेवर मारतो. त्यामुळे ती माझी नाही असे मलाही म्हणता येणार नाही. ~~माझ्या मृत्यूनंतर ही डबी मुलीने कोर्टात न्यावी.~~

वरचे वाक्य मीच खोडले आहे, बाजूला माझी सही आहे. का खोडले ते सांगतो.

शिंपी आज सही करायला आला. मी म्हटले मजकूर वाचायची गरज नाही, फक्त सही कर. तो म्हणाला, न वाचता मी मापाच्या वहीवरही सही करत नाही. आणि चष्मा लावून तोवर लिहिलेले सगळे वाचले. डबीपाशी थांबला.

"सुनावणी कधी आहे?"

मी म्हटले, आजपासून नऊ दिवसांनी.

"आणि हे तू मेल्यावर उघडायचं?"

मी म्हटले, मृत्युपत्र आहे, मेल्यावरच उघडतात.

"मग नऊ दिवसांत मरायचा बेत आहे का?" तो म्हणाला. "नसेल तर घोडी बग्गीला जाईल, आणि तू इथे कुलूप दोनदा फिरवत बसशील."

मी त्याला म्हटले की खरे सांगितले तर मलाही आत टाकतील, आणि भाऊ कायमचा तुटेल. तो चष्मा पुसत बसला. मला आठवले, नऊ दिवस मीही असाच चाकू हातात घेऊन बसलो होतो. तेव्हा घोडी कुठे आहे ते मला माहीत होते. ते गाव बसने दोन तासांवर होते. मी गेलो नाही, कारण धाकट्याला वाईट वाटले असते.

कलम सहावे, शेवटचे. डबी मी आज, जिवंतपणी, माझ्या हाताने विटेमागून काढली आणि शिंप्याच्या हाताने डॉक्टरीणबाईंकडे पाठवत आहे. घोडीतल्या हिश्श्याचा लेखी कागद सोबत जोडला आहे, तोही आजपासून लागू. सुनावणीला मी स्वतः उभा राहीन आणि चाल सारखी का होती ते सांगेन. त्यानंतर मला शिक्षा झाली तर मुलीने कोर्टाच्या आवारात रडू नये, आणि धाकट्याशी बोलणे सोडू नये. तो माझ्याशी बोलणार नाही, कोणीतरी त्याच्याशी बोलले पाहिजे. ऐरण शिंप्याने उचलायला मदत केली, हे साक्षीदाराला काही दिले असे धरू नये.

सही: (उजव्या हाताची, दोघांच्या देखत)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. सगळे वाचून सही केली.
साक्षीदार दुसरी: दवाखान्यातली परिचारिका, जिने वार विचारला होता. मजकूर वाचला नाही, मला सही करताना पाहिले.

ठिकाण: शेडच्या मागची खोली.
तारीख: सोमवार, सुनावणीच्या नऊ दिवस आधी.

डॉक्टरीणबाई, हे तुमच्यासाठी, कलमांच्या बाहेर. तिने त्या दिवशी पाय उचलला तो मला देण्यासाठी की दाखवण्यासाठी, ते मला कळले नाही. तुम्ही रोज बघता. ती नुसती उभी असते तेव्हा कोणत्या पायावर भार टाकते, आणि उजवा पाय आता कोणाला धरू देते का, तेवढे शिंप्याजवळ सांगून पाठवा. सुनावणीच्या आधी कळले तर बरे. लौकर कळवा.